नाचणाऱ्याचे स्मारक

आपल्याकडे माणूस गेला म्हणजे त्याच्या नावाने काहीतरी उभे करावे अशी इच्छा घरच्यांच्या मनात उत्पन्न होते, आणि ती स्वाभाविकच आहे. कोकणातल्या कोणत्याही रस्त्याने चालू लागा; पाणपोईवर, शाळेच्या खोलीवर, देवळाच्या पायरीवर, एस. टी.च्या थांब्यावरील बाकावर कोणाचे ना कोणाचे नाव कोरलेले दिसेल. जो पिकल्या पानासारखा गळून पडला त्याच्या बाबतीत हा प्रघात शोभूनही दिसतो. परंतु जो गेला तो विशी-बाविशीतला तरुण असेल, आणि त्यातून नाचणारा असेल, तर त्याच्या नावाने काय उभारावे? आजच्या भाषणात हाच प्रश्न मला श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे, आणि तो महाड व पोलादपूर ह्या दोन तालुक्यांच्या भूमीवर उभे राहून.

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. चित्रकार गेला तर चित्रे मागे राहतात, कवी गेला तर वही राहते, सुताराने केलेला पाट तीन पिढ्या घरात वापरला जातो. नाचणाऱ्याची सारी कमाई मात्र त्याच्या अंगात असते आणि अंगाबरोबरच ती जाते. हल्ली दूरध्वनीच्या यंत्रात चलच्चित्रे टिपून ठेवता येतात हे खरे; पण ती पाहून घरच्यांचे डोळे भरून येतात, कोणाच्या पायांत ताल येत नाही. नाच हा एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे जातो, आणि त्याला जाण्यासाठी जागा लागते. म्हणून नाचणाऱ्याचे खरे स्मारक म्हणजे दगड नव्हे, पुतळा नव्हे, तर जमीन होय. दुसऱ्यांना नाचता येईल अशी, चार भिंतींच्या आतली, पावसापाण्यापासून राखलेली जमीन. तिला आपण नृत्यशाळा म्हणू.

अकाली गेलेल्या नर्तकाचे काम त्याच्या मागे कसे चालू ठेवावे याचे एक ठळक उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे. शांती बर्धन हे मूळचे बंगालमधील कोमिल्ल्याचे. मणिपुरी नृत्यात तयार झालेले हे गृहस्थ उदयशंकरांच्या अलमोड्याच्या केंद्रात होते; ते केंद्र १९४४ च्या सुमारास बंद पडल्यावर ते मुंबईस आले आणि अंधेरीस लोकनाट्य संघाच्या पथकासाठी त्यांनी नृत्यनाट्ये बसविली. क्षयाने अंग पोखरलेले असतानाही १९५२ साली त्यांनी ‘लिट्ल बॅले ट्रुप’ ही मंडळी उभी केली, आणि कळसूत्री बाहुल्यांच्या चालीवर माणसे नाचवून रामायण रंगविले. १९५४ साली, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी ते गेले. पंचतंत्रावरचे नवे नृत्यनाट्य तेव्हा अपुरे होते. पत्नी गुल बर्धन व इतर सोबती यांनी ते पुरे केले, आणि तेवढ्यावर न थांबता मंडळी चालू ठेवली. पुढे ती ग्वाल्हेरीस गेली, तेथून भोपाळास जाऊन स्थिर झाली. गुलबाई २०१० साली निवर्तल्या. म्हणजे पतीच्या मागे छप्पन्न वर्षे त्या नाचाच्या संसारात राहिल्या. येथे ध्यानात धरण्यासारखी गोष्ट अशी की, त्यांनी गेलेल्या माणसाच्या नावाने पहिल्या दिवशी इमारत बांधली नाही. त्याचे अपुरे राहिलेले काम आधी पुरे केले. मंडळी टिकली म्हणून पुढे जागाही मिळाली.

अलमोड्याचे उदाहरण याच्या उलट आहे. उदयशंकरांसारखा जगद्विख्यात नर्तक, हिमालयाची पार्श्वभूमी, एकाहून एक नामांकित गुरू; आणि तरीही ते केंद्र थोड्याच वर्षांत पैशाअभावी मिटले. नामवंतांच्या हातून जे टिकले नाही ते महाडच्या एखाद्या शोकाकुल कुटुंबाच्या हातून कसे टिकेल, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, लहान असेल तर टिकेल, आणि गावाचे असेल तर टिकेल.

आता ह्या मुलखाकडे वळू. महाडपोलादपूरला नाच शिकवावा लागतो काय, असा प्रश्न कोकणाबाहेरच्या माणसास पडणार नाही, पण कोकणातल्या माणसास खचित पडेल. कारण येथे नाच घरोघरी आहे. गणपतीत वाडीवाडीवर जाखडी चालते. मधोमध ढोलकी, झांजा आणि गाणारे बसतात, त्यांच्याभोवती आठ-दहा गडी पायांत चाळ बांधून फेर धरतात, आणि एकाच ठेक्यावर पाऊल टाकीत, गिरक्या घेत, बसत-उठत रात्र जागवितात. कानात बाळी घालणारे कोकणी गडी मुंबईस चाकरीला गेले, त्यांच्यावरून मुंबईकरांनी ह्या नाचाला बाल्या नाच असे नाव दिले. त्याच फेराला सवाल-जबाबाची जोड मिळाली म्हणजे शक्ती-तुऱ्याचा सामना होतो. एक पक्ष शक्तीचे थोरपण गातो, दुसरा शिवाचे, आणि कोण हरले याचा निकाल बहुधा पहाटेपर्यंत लागत नाही. शिमग्यात पालखी नाचते. महाडात महाशिवरात्रीच्या सुमारास वीरेश्वराचा छबिना निघतो, तेव्हा आसपासच्या गावांच्या पालख्या नि उंच काठ्या वाजतगाजत देवाच्या भेटीस येतात. गौरी बसल्या की बायकांच्या फुगड्या, झिम्मे आणि फेर सुरू होतात. डोंगरावरच्या धनगरवाड्यांचा गजा वेगळाच.

इतके सारे असताना शाळा कशाला हवी? हवी, त्याची दोन कारणे आहेत, आणि दोन्ही मला महत्त्वाची वाटतात.

पहिले असे की, हे सारे नाच तिथीचे आहेत. गणपती विसर्जन झाले की चाळ खुंटीला लागतात. जे गडी नाचतात त्यांतले निम्मे चाकरमानी. ते मुंबईहून येतात आणि अनंत चतुर्दशीच्या आत-बाहेर परत जातात. उरलेले दहा महिने मुलाला नाच यावयाचा तो कोठून? पूर्वी अंगणात यावयाचा. आता अंगणे आखडली, त्यांवर फरशी आली. मुंबईतही ठिकाणे कमी होत चालली आहेत. परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे सामने गाजत. ते नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले. जेथे नाच दाखवावयाचा ती जागा एकवेळ मिळेल, महाडात डॉ. आंबेडकरांच्या नावाच्या राष्ट्रीय स्मारकात प्रेक्षागृहही आहे. परंतु प्रेक्षागृह म्हणजे नृत्यशाळा नव्हे. एक दिवस नाचून दाखविण्यासाठी तीनशे दिवस चुकत-माकत नाचावे लागते, आणि चुकण्याची जागा भाड्याने मिळत नाही.

दुसरे कारण मुलींचे. जाखडीचा फेर परंपरेने पुरुषांचा. अलीकडे मुलींची जाखडी पथकेही उभी राहू लागली आहेत आणि ती पाहून जुन्या शाहिरांनीही मान डोलावली आहे. पण मुलगा रात्री देवळाच्या मांडवात सराव करू शकतो. मुलीला ती सोय नाही. १९४७ साली रोहिणी भाटे यांनी पुण्यास ‘नृत्यभारती’ स्थापन केली तेव्हा भल्या घरच्या मुलीने नाचावे की नाही यावर अजून वाद चालत. तो वाद महाडात आज कोणी उघडपणे घालणार नाही. तो वेगळ्या रूपाने समोर येतो. शेवटची एस. टी. किती वाजता सुटते, कपडे बदलावयास आडोसा आहे काय, शिकविणारा कोण, दरवाजा रस्त्याकडे आहे की मागल्या बोळात, असे प्रश्न आई विचारते. नृत्यशाळेच्या आराखड्यात ह्या प्रश्नांची उत्तरे आधी आली पाहिजेत, आरसे नि दिवे नंतर. पोलादपूरच्या घाटाखालच्या गावातून महाडला येणारी मुलगी संध्याकाळी सहाच्या आत परत निघू शकली नाही तर ती पुढल्या आठवड्यात येणार नाही, हे धरून चालावे. म्हणून दोन तालुक्यांना मिळून महाडात एकच मोठी शाळा बांधण्यापेक्षा महाडात एक लहान खोली नि पोलादपुरात आणखी एक, असे मला अधिक बरे वाटते.

आता ‘सार्वजनिक’ ह्या शब्दाविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. कारण महाडात हा शब्द उच्चारताना जपून उच्चारावा लागतो. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला. कागदावर तळे सर्वांचे झाले. ओंजळभर पाणी मात्र कोणा अस्पृश्याला घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले नि पाणी प्यायले, तेव्हा परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या आणि मागाहून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे खाजगी आहे असा दावा कोर्टात गेला, आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत दहा वर्षे गेली. एका गावातले तळे कोणाचे, एवढ्या प्रश्नाला दहा वर्षे!

याचा नृत्यशाळेशी संबंध काय? निकटचा आहे. कोकणात नाच वाडीचा असतो आणि वाडी बहुधा एका जातीची असते. जाखडीचा संच ह्या वाडीचा, पालखीचा मान त्या घराचा, फेर आमच्या आळीचा, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अशा ठिकाणी गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ खोली बांधली आणि ती देवळाच्या आवारात किंवा वाडीच्या समाजमंदिरात बांधली, तर दारावर ‘सर्वांस मुक्त प्रवेश’ अशी पाटी लावूनही येणारे त्याच वाडीचे येतील. दोष कोणा एकाचा असणार नाही. बाकीच्यांचे पाऊलच उंबऱ्याशी अडखळेल. म्हणून जागा निवडतानाच ती कोणत्याही एका वाडीची नसावी. शाळेजवळ, बाजाराजवळ, एस. टी.च्या थांब्याजवळ, जेथे सर्वांचे पाय आपोआप पडतात तेथे ती असावी. आणि पहिल्याच वर्षी शिकवावयास निरनिराळ्या वाड्यांचे लोक बोलवावेत. जाखडीचा बुवा एका वाडीचा, गजा शिकविणारा धनगरवाड्यावरचा, ढोलकी आणखी तिसऱ्याची. बौद्ध वस्तीतल्या जलशाची परंपरा जाणणारा कोणी मिळाला तर सोन्याहून पिवळे.

जागेचा दुसरा शत्रू पाणी. महाड हे सावित्री, गांधारी व काळ या नद्यांच्या कुशीत वसलेले. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. जुलै २०२१ मधला पूर आठवत नाही असा महाडकर विरळा. त्याच वेळी, २२ जुलैस, तळिये येथे डोंगराचा कडा खचून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये महाड शहरात काजळपुऱ्यातील पाच मजली इमारत पत्त्यासारखी बसली होती, तीत सोळा जण दगावले. ज्या गावाने एवढे पाहिले तेथे एका मुलाच्या स्मरणार्थ बांधलेली इमारत दुसऱ्या मुलांच्या जिवावर उठता कामा नये. खाली पूर आणि वर दरड, यांच्या मधल्या पट्ट्यातली जागा शोधावयाची. २०२१ च्या पाण्याची खूण ज्या भिंतींवर आहे तिच्या वर जोते गेले पाहिजे. ते शक्य नसेल तर खाली मोकळे खांब सोडून खोली पहिल्या मजल्यावर घ्यावी. उतारालगतची, नुकतीच डोंगर कापून सपाट केलेली जमीन कोणी फुकट देऊ केली तरी नाकारावी. इंजिनिअरची फी वाचवू नये. देणगीदारांना रंगकाम दिसते, पाया दिसत नाही. म्हणून पायाचा खर्च आधी करावा.

पायाच्या वर येते ती जमीन, आणि येथे जाणत्यांचीही फसगत होते. आपले जुने अंगण चोपणीने चोपून शेणाने सारवलेले असे. ते नाचणाऱ्याच्या पायाला किंचित मऊ लागे, घसरत नसे, आणि टाचेचा धक्का स्वतः पिऊन घेई. त्याच्या जागी सिमेंटचा कोबा नि त्यावर गुळगुळीत फरशी आली. अशा जमिनीवर रोज तासभर पाय आपटला तर धक्का परत पायातच येतो. नडगी दुखू लागते, गुडघे धरतात, आणि तरुणपणी कळले नाही तरी चाळिशीत कळते. नृत्यशाळेला लाकडी जमीन हवी, आणि ती पोकळीवर बसविलेली हवी. कोब्यावर आधी ओल रोखणारा थर द्यावा. त्यावर रबराचे तुकडे ठेवून लाकडी पट्ट्या आडव्या-उभ्या अशा दोन थरांत टाकाव्यात आणि त्यांवर फळ्या ठोकाव्यात. त्यामुळे पाऊल पडताच जमीन थोडी लवते व परत उठते. मात्र आपले नाच अनवाणी आणि पाय आपटून करावयाचे असल्यामुळे ती फार लवचीकही नको. ठेका स्पष्ट ऐकू आला पाहिजे. कोकणच्या दमट हवेत लाकूड फुगते, यासाठी भिंतीलगत बोटभर फट सोडावी नि वर पट्टी मारावी. खालच्या पोकळीत वारा खेळण्यासाठी जाळीची भोके ठेवावीत, नाहीतर दोन पावसाळ्यांत वाळवी सारा हिशेब चुकता करील. मेण किंवा तेल लावून जमीन चकचकीत करण्याचा मोह टाळावा. हा खर्च जड वाटत असेल तर सारवलेली जमीन आणि वर चांगले छप्पर हा पर्याय हलका समजू नये; गुळगुळीत फरशीपेक्षा ती शतपटीने बरी.

खोलीचा आकारही आपल्या नाचावरून ठरवावा. शहरातील नृत्यशाळा लांबट असते, एका भिंतीस आरसे असतात, आणि सारे त्यांकडे तोंड करून नाचतात. कारण तेथला नाच प्रेक्षकांकडे पाहतो. जाखडीला पुढची बाजू नसते. फेर आत पाहतो, मध्ये बसलेल्या गाणाऱ्यांकडे पाहतो. बारा जणांचा फेर आणि मध्ये वाजविणारे धरले तर सुमारे पंचवीस फूट व्यासाचे रिंगण लागते. म्हणून खोली तीस फूट चौरस असावी नि मध्ये खांब नसावा. आरसे एका भिंतीस असू द्यावेत, त्यांवर पडदा असू द्यावा. आजची मुले दूरध्वनीवर पाहून चित्रपटातले नाच शिकतात, त्यांना आरसा लागेल, आणि त्यांना हाकलण्यात काही शहाणपण नाही. जो मुलगा आज सिनेमाचा नाच करावयास आला तो उद्या शेजारचा फेर पाहून थबकेल. बंद दाराशी मात्र कोणीच थबकत नाही.

पैशाची नि कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. गावागावाची मुंबई मंडळे देवळांसाठी वर्गणी गोळा करतात, त्यांचा अनुभव येथे कामी यावा. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना, त्यांचा व्याप कायद्याने सांगितलेल्या मर्यादेवर असल्यास, २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे नफ्याचा काही अंश समाजकार्यास द्यावा लागतो, आणि कला व संस्कृती यांचे संवर्धन त्यात बसते. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवावी. तशी नोंदली म्हणजे दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात, आणि आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून जागा विकता येत नाही. ही अट काहींना जाचक वाटते. मला ती स्मारकाचे खरे कुंपण वाटते. कारण आज आई-बाप हयात आहेत तोवर जागेला कोणी हात लावणार नाही, पण तीस वर्षांनी महामार्गालगतच्या जागेचा भाव पाहून कोणाची नियत काय होईल ते सांगता येत नाही. विश्वस्तांत घरचे एक-दोघे असावेत, बहुमत घरच्यांचे नसावे. हे सांगताना मन कठोर करावे लागते, पण घराण्याची झालेली संस्था घराण्यातल्या भांडणाबरोबर मोडते.

शेवटी, ज्याच्या नावाने हे सारे करावयाचे त्याची आठवण आत कशी असावी? मोठी तसबीर, तिला रोजचा हार, समोर उदबत्ती, अशी मांडणी केली तर दहा वर्षांच्या मुलांना तेथे मोकळेपणाने उडी मारता येणार नाही. तसबीर लहान असावी आणि दारालगत असावी. त्याचे चाळ काचेच्या पेटीत ठेवू नयेत. पेटीत घुंगरू काळवंडतात नि पट्टा कडक होतो. ते शाळेच्या कपाटात इतर चाळांबरोबर असावेत, आणि त्या वर्षी ज्याचा पाय सर्वांत चांगला पडेल त्याने गणपतीत ते बांधावेत. आईला हे पहिल्या वर्षी सोसणार नाही. तिला वेळ द्यावा, तोपर्यंत ते घरी राहिले तरी चालेल. त्याच्या पुण्यतिथीला भाषणे ठेवू नयेत, फेर धरावा. तो जी गाणी नाचत असे ती बुवांकडून लिहून घ्यावीत, आणि जी कोणाला पुरती येत नाहीत ती आसपासच्या वाड्यांतून विचारून पुरी करावीत. येथूनच आरंभ केला तरी चालेल; त्याला इमारतही लागत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. अशा खोल्यांचे काय होते ते आपण पाहतो. उद्घाटन होते, कुलूप लागते, आणि किल्ली कोणा प्रतिष्ठित गृहस्थांच्या घरी जाते. ते गृहस्थ नेमके संध्याकाळी बाहेर गेलेले असतात. म्हणून किल्ल्या दोन असाव्यात. एक शिकविणाऱ्याकडे, दुसरी शाळेच्या सर्वांत जवळ राहणाऱ्या आणि घरी हमखास सापडणाऱ्या एखाद्या बाईकडे. आणि ती दर वर्षी गणपतीनंतर दुसऱ्या वाडीतल्या घरी जावी.